पाषाणातील योद्धा : झुलू व शोना कलावारशाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील कलावस्तूंमध्ये पाषाणात कोरलेल्या योद्ध्याच्या मूर्ती लक्ष वेधून घेतात. एका हाती लांबट ढाल, दुसऱ्या हाती भाला आणि काळसर, तकतकीत दगडातील भरीव देह असे त्यांचे सामान्य स्वरूप असते. अशा मूर्तींना 'झुलू व शोना यांचा प्राचीन वारसा' म्हटले जाते. हे वर्णन इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

योद्ध्याची प्रतिमा :
ढाल व भाला ही चिन्हे प्रामुख्याने झुलू इतिहासाशी निगडित आहेत. शाका (कारकीर्द सुमारे १८१६ ते १८२८) याने वयोगटानुसार रचलेल्या पलटणी, गुरांच्या कातड्याची ढाल आणि जवळून भोसकण्याचा आखूड भाला यांच्या बळावर झुलू राज्याचा विस्तार केला. २२ जानेवारी १८७९ रोजी इसांडल्वाना येथे झुलू सैन्याने ब्रिटिश फौजेचा पराभव केला आणि ही प्रतिमा जगभर पोहोचली. तथापि, झुलूंचे कलाकौशल्य मुख्यत्वे लाकडी उशा, मातीची भांडी व मणिकाम यांत प्रकट झाले, पाषाणशिल्पात नव्हे.

पाषाणाची परंपरा :
पाषाणाचा संबंध झिंबाब्वेशी आहे. शोनांच्या पूर्वजांनी उभारलेल्या ग्रेट झिंबाब्वे या नगरात शंखजिऱ्यात कोरलेले पक्षी सापडले. परंतु त्या पक्ष्यांपासून आजच्या मूर्तींपर्यंत अखंड परंपरा दाखविता येत नाही. आधुनिक पाषाणशिल्पाची चळवळ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. १९५७ मध्ये सॅलिसबरी (आजचे हरारे) येथे राष्ट्रीय कलादालन सुरू झाले. त्याचे संचालक फ्रँक मॅकएवन यांनी जोरम मारिगा यांच्यासारख्या शिल्पकारांना प्रोत्साहन दिले. १९६६ मध्ये टॉम ब्लूमफिल्ड यांनी तेंगेनेंगे येथे शिल्पकारांची वसाहत सुरू केली. सर्पेंटाइन दगड छिन्नीने घडवून, घासून, तापवून त्यावर मेण चोळले की त्याचा रंग गडद होतो. विशेष म्हणजे तेंगेनेंगेतील अनेक शिल्पकार मलावी, अंगोला व मोझांबिक येथून आलेल्या कुटुंबांतील होते. त्यामुळे 'शोना शिल्प' ही संज्ञादेखील अपुरी ठरते.

दोन परंपरांची भेट :
शाकापासून फुटून निघालेला म्झिलिकाझी १८४० च्या सुमारास आजच्या नैर्ऋत्य झिंबाब्वेत स्थिरावला. त्याच्या एन्देबेले राज्यासोबत झुलू पद्धतीची युद्धव्यवस्था तेथे आली. शोना वस्त्यांपैकी काहींनी या राज्याच्या स्वाऱ्या सोसल्या, काहींनी खंडणी दिली, तर काही त्या राज्यात सामावून गेल्या. पुढे १८९६-९७ मध्ये मात्र एन्देबेले व शोना या दोन्ही समाजांनी वसाहती सत्तेविरुद्ध उठाव केले. म्हणजेच शोना प्रदेशाच्या स्मृतीत ढालभाल्याचा हा योद्धा कधी आक्रमक होता, तर कधी समान शत्रूशी लढणारा.

निष्कर्ष :
पाषाणातील योद्धा ही प्राचीन काळापासून जशीच्या तशी चालत आलेली कलाकृती नाही. तिची प्रतिमा एकोणिसाव्या शतकातील रणभूमीवरून आली, तर तिचे माध्यम विसाव्या शतकातील कार्यशाळांतून. 'प्राचीन वारसा' हे बिरुद लावले की स्वाऱ्या, स्थलांतर व वसाहतवाद यांचा इतिहास झाकला जातो आणि दगड घडविणारा जिवंत शिल्पकार एखाद्या जमातीच्या नावाखाली अनामिक होतो. म्हणून अशा मूर्तीची नोंद करताना जमातीच्या नावाआधी शिल्पकाराचे नाव, दगडाचा प्रकार, स्थळ व काळ यांचा उल्लेख होणे आवश्यक आहे.