नाकारलेल्या पाठांचे जतन : महाभारताची चिकित्सक आवृत्ती आणि संशोधनाची नीती

संशोधनातील प्रामाणिकपणाविषयीचे लिखित नियम भारतीय विद्यापीठांत अलीकडचे आहेत. वाङ्मयचौर्याला आळा घालणारी विद्यापीठ अनुदान आयोगाची सध्याची नियमावली 2018 सालची आहे. तथापि अशी कोणतीही नियमावली नसताना पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात 1919 ते 1966 या काळात जे काम झाले, त्यातून संशोधनाच्या नीतीची एक भक्कम परंपरा उभी राहिली. ते काम म्हणजे महाभारताची चिकित्सक आवृत्ती, अर्थात उपलब्ध हस्तलिखितांची शब्दशः तुलना करून, त्यांच्या आधारे जेवढे मागे जाता येईल तेवढे मागे जाऊन ग्रंथाचे सर्वांत जुने रूप निश्चित करणारी आवृत्ती.

अशा आवृत्तीची गरज मॉरिस विंटरनित्स यांनी 1899 मध्ये रोम येथील प्राच्यविद्या परिषदेत मांडली होती. युरोपात त्या दृष्टीने हालचालीही सुरू झाल्या, पण पहिल्या महायुद्धाने त्या थांबवल्या. 1917 साली पुण्यात भांडारकर मंदिर स्थापन झाले आणि औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केल्यावर हे काम भारतातच हाती घेणे शक्य झाले. त्याआधी सतराव्या शतकात, मूळच्या गोदाकाठच्या आणि काशीत स्थायिक झालेल्या नीलकंठ चतुर्धरांनी निरनिराळ्या प्रांतांतील पोथ्या जमवून त्यांतील उत्तम वाटणारे पाठ निवडले होते आणि त्यावर टीका लिहिली होती. त्यांची विद्वत्ता वादातीत आहे आणि काही ठिकाणी त्यांनी पाठभेदांचा उल्लेखही केला आहे; परंतु कोणता पाठ कोणत्या पोथीतून घेतला आणि कोणता का सोडला, याची पद्धतशीर नोंद त्यांच्या ग्रंथात नसल्यामुळे वाचकाला त्यांची निवड पडताळून पाहण्याचा मार्ग उरत नाही. पुण्याच्या प्रकल्पाने हाच मार्ग खुला केला.

प्रारंभी नारायण बापूजी उटगीकर यांनी विराटपर्वाची एक प्रायोगिक आवृत्ती तयार केली आणि 1923 मध्ये ती विद्वानांकडे अभिप्रायासाठी पाठवण्यात आली. अंतिम काम सुरू होण्यापूर्वीच पद्धत टीकेसाठी खुली करण्याचा हा निर्णय पुढील सर्व कामाला वळण देणारा ठरला. बर्लिन येथे शिकलेले विष्णु सीताराम सुकथनकर 1925 साली प्रमुख संपादक झाले आणि त्यांनी पद्धतीला निश्चित स्वरूप दिले. पोथ्यांची तुलना, म्हणजेच पाठसंकलन, एकेका अक्षराचा ताळा घेत होत असे. हस्तलिखिते लिपी आणि प्रदेश यांनुसार उत्तरेकडील व दक्षिणेकडील अशा दोन मुख्य परंपरांत विभागली गेली. परस्परांशी थेट संबंध नसलेल्या परंपरा जेथे एका पाठावर एकमत होतात, तेथे तो पाठ जुना मानावा, असे तत्त्व ठरले. संपादकाने स्वतःच्या कल्पनेने पाठ सुधारणे जवळजवळ वर्ज्य ठरवले गेले आणि जेथे तसे करावेच लागले, तेथे ते खुणेने दाखवले गेले.

या नीतीचे खरे दर्शन छापील पानात घडते. वरच्या भागात स्वीकारलेली संहिता असते आणि तिच्याखाली, कोणत्या पोथीत काय वेगळे आहे हे सांगणारे पाठभेद दिलेले असतात. ज्या पाठाविषयी संपादकाला खात्री नाही, त्याच्याखाली नागमोडी रेघ असते. संहितेतून वगळलेल्या लहान ओळी तारांकित क्रमांकांसह तळाशी छापलेल्या असतात, तर मोठे वगळलेले भाग परिशिष्टांत ठेवलेले असतात. वगळलेला मजकूर अशा रीतीने ग्रंथातच राहतो आणि संपादकाशी असहमत असलेल्या अभ्यासकाला त्याच पानातील सामग्रीवरून वेगळा निष्कर्ष काढता येतो.

या शिस्तीची कसोटी लोकप्रिय कथांच्या बाबतीत लागली. गणपती महाभारताचा लेखनिक झाल्याची कथा आदिपर्वाच्या मुख्य संहितेतून परिशिष्टात गेली. फ्रँक्लिन एजर्टन यांनी संपादित केलेल्या सभापर्वात वस्त्रहरणप्रसंगी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा मुख्य संहितेत राहिला नाही. हे निर्णय श्रद्धेविरुद्ध नव्हते, ते हस्तलिखितांच्या साक्षीवर आधारलेले होते आणि ती साक्ष प्रत्येकाला तपासता येत होती.

सुकथनकरांनी संपादित केलेले आदिपर्व 1933 मध्ये पूर्ण झाले. व्यासांची मूळ रचना हाती लागल्याचा दावा त्यांनी कधीच केला नाही. वॉल्टर रूबेन यांनी पद्धतीवर घेतलेल्या आक्षेपांना त्यांनी संस्थेच्याच नियतकालिकात सविस्तर उत्तर दिले. आदिपर्व प्रसिद्ध झाल्यानंतर नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांच्यामार्फत आदिपर्वाची एक फार जुनी पोथी उपलब्ध झाली, तेव्हा सुकथनकरांनी आपली संहिता तिच्याशी ताडून पाहिली आणि तो पडताळा प्रसिद्ध केला. त्या पोथीने त्यांच्या निर्णयांना मोठ्या प्रमाणात दुजोरा दिला. पण तिने विरोध केला असता तर तोही तितक्याच स्पष्टपणे दिसला असता, अशी सोय पद्धतीतच होती.

1943 मध्ये सुकथनकरांचे निधन झाल्यावर श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि त्यांच्यानंतर परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी हे काम पुढे नेले. तंजावर आणि शांतिनिकेतन येथेही पाठसंकलन झाले; एकूण 1,259 हस्तलिखिते विचारात घेतली गेली आणि 1966 साली राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत 19 खंडांचे हे कार्य पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. संपादक बदलले तरी काम खंडित झाले नाही, कारण कामाची सूत्रे व्यक्तीच्या स्मरणात अडकून न पडता लिखित आणि सर्वांसाठी समान होती. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये महाभारतातील व्यक्तींचा नव्याने विचार केला, तो याच संहितेच्या आधारे.

आजच्या विद्यापीठांत उसन्या मजकुराची टक्केवारी मोजणारी संगणकीय साधने आहेत आणि ती आवश्यकही आहेत. परंतु ती दुसऱ्याचे शब्द घेतल्याचे दाखवतात, गैरसोयीचा पुरावा लपवल्याचे दाखवू शकत नाहीत. हा दुसरा दोष टाळण्याचे उत्तरदायित्व संशोधकाचे स्वतःचे असते. आपल्या निष्कर्षाला प्रतिकूल असलेली सामग्री निष्कर्षाशेजारीच वाचकाच्या हाती देणे, हा भांडारकर मंदिराच्या संपादकांनी जवळजवळ अर्धे शतक पाळलेला नियम प्रत्येक विद्याशाखेच्या संशोधन-प्रशिक्षणात पहिल्या धड्याच्या स्थानी असला पाहिजे.