कुंपणाचे खांब : दूरस्थ धर्मसेवा-शिक्षणाचा पूर्वेतिहास

दूरशिक्षण म्हटले की मराठी वाचकाला १९८९ साली नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आठवते. त्याच्या सव्वीस वर्षे आधी, मध्य अमेरिकेतील ग्वातेमाला या देशात, ख्रिस्ती पाळकांच्या शिक्षणासाठी असाच एक प्रयोग सुरू झाला होता. आज जगभर चालणाऱ्या ऑनलाइन धर्मसेवा-अभ्यासक्रमांचे एक महत्त्वाचे मूळ तिथे सापडते. हे मूळ तंत्रज्ञानात नाही, एका अपयशात आहे.

ग्वातेमालाच्या प्रेस्बिटेरियन चर्चची सेमिनरी राजधानीत होती. १९६२ च्या सुमारास तिने स्वतःचा हिशेब मांडला, तेव्हा पंचवीस वर्षांच्या कामातून प्रत्यक्ष मंडळी सांभाळणारे जेमतेम दहा पाळक हाती लागलेले दिसले. खेड्यातून राजधानीत आलेला तरुण स्पॅनिशमध्ये शिकत असे, शहरात रुळत असे आणि पुष्कळदा गावाकडे परतत नसे. इकडे गावोगावच्या मंडळ्या चालवत होते ते शेतकरी, कारागीर, दुकानदार. बायकामुले आणि पोटाचा धंदा सोडून तीन-चार वर्षे वसतिगृहात राहणे त्यांना शक्य नव्हते. थोडक्यात, शिकत होते ते पाळक होत नव्हते आणि पाळकी करत होते त्यांना शिकता येत नव्हते.

जेम्स एमेरी आणि राल्फ विंटर यांनी या कोड्याला हात घातला. पुढे रॉस किन्सलर येऊन मिळाले. विंटर मूळचे अभियंते. सेमिनरी आधी राजधानीतून सान फेलिपे या गावी हलवली. तेही पुरेना, तेव्हा १९६३ पासून शिक्षकच प्रवासाला निघाले. विद्यार्थ्याने आठवडाभर घरी अभ्यास करायचा आणि ठरलेल्या दिवशी जवळच्या केंद्रावर जमायचे. शाळा कमी झालेल्यांना वगळायचे नाही, म्हणून एकाच विषयाच्या वेगवेगळ्या शैक्षणिक पातळ्या ठेवल्या.

घरच्या अभ्यासासाठी खास पुस्तके लागली. एक छोटा मजकूर, त्यावर प्रश्न, विद्यार्थ्याने आपले उत्तर लिहायचे आणि लगेच पडताळून पुढे जायचे, अशी त्यांची रचना असे. व्याख्यानाचे काम पुस्तकाने उचलल्यामुळे साप्ताहिक बैठक चर्चेसाठी मोकळी झाली. मंडळीतले भांडण, दारूने उद्ध्वस्त होणारे घर, रविवारच्या प्रवचनात अडलेला मुद्दा, हे तिथे निघू शकत होते.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ टेड वॉर्ड यांनी या पद्धतीला लाकडी कुंपणाची उपमा दिली. कुंपणाच्या दोन आडव्या पट्ट्या म्हणजे स्वाध्याय आणि प्रत्यक्ष सेवा. त्यांना ठरावीक अंतरावर धरून ठेवणारे उभे खांब म्हणजे या बैठका. खांब काढले तर दोन्ही पट्ट्या जमिनीवर येतात.

भारतात ही कल्पना लवकर पोहोचली. १९७१ मध्ये बंगळुरूला 'टॅफ्टी' ही संस्था याच पद्धतीने शिकवण्यासाठी सुरू झाली. तिथेही घरी अभ्यासपुस्तिका आणि ठरावीक काळाने गटाची बैठक. मराठी व्याकरण १८०५ साली छापणाऱ्या विल्यम केरी यांचे नाव ज्या श्रीरामपूरशी जोडले आहे, तेथील १८१८ च्या कॉलेजची सिनेट आज बाह्य विद्यार्थ्यांसाठी ख्रिस्ती अध्ययनाची पदवी देते. नोकरी सांभाळणारे गृहस्थ, स्त्रिया, वडीलजन यांना त्यामुळे धर्मशास्त्राचे दार उघडले. पाळकाची दीक्षा न घेताही धर्मशास्त्र शिकता येते, हा बदल लहान नाही.

आजच्या ऑनलाइन अभ्यासक्रमात पुस्तिकेची जागा ध्वनिचित्रफितीने आणि पडद्यावरच्या चाचणीने घेतली आहे. उत्तर क्षणात तपासले जाते. पहिली पट्टी पूर्वीपेक्षा भक्कम झाली. दुसरी पट्टी, म्हणजे आजाऱ्यांच्या भेटी, तरुणांचे गट, शोकाकुल घरांना आधार, ही विद्यार्थ्याच्या गावातच राहते. चांगले अभ्यासक्रम त्यासाठी स्थानिक मार्गदर्शक नेमून त्याचा अहवाल मागतात. गळतो तो खांब. बैठक घ्यायला माणसे लागतात, वेळ लागतो, खर्च येतो. ध्वनिचित्रफीत मात्र एकदा तयार केली की हजारांना पुरते. त्यामुळे पहिली कात्री बैठकीलाच लागते. लेखी चर्चेत 'सहमत आहे' एवढे टाकून हजेरी लावता येते. समोर बसलेल्या पाच जणांत तसे निभावत नाही.

ग्वातेमालाच्या सेमिनरीने शिक्षण स्वस्त किंवा जलद करण्यासाठी भिंती पाडल्या नव्हत्या. ज्ञान मिळवताना माणूस आपल्या माणसांतून उपटला जाऊ नये, यासाठी पाडल्या होत्या. खेड्यातल्या खोलीत एकटाच मोबाइलकडे पाहत बसलेला विद्यार्थी गावात राहूनही उपटला जाऊ शकतो. म्हणून अशा अभ्यासक्रमाची पारख करताना किती विषय आणि कोणते प्रमाणपत्र, एवढेच विचारून भागत नाही. शिकणाऱ्याने दर आठवड्याला कोणासमोर बसायचे आहे आणि त्याच्या मंडळीतला प्रश्न तिथे कोण ऐकणार आहे, हे आधी विचारावे.