पाटी एकाची, हात दुसऱ्याचे



कारखान्यांच्या फाटकांवर तीस वर्षे सभा घेतल्या, त्यामुळे मायक्रोफोनशी माझा घरोबा जुना आहे. पण तो भाड्याच्या मायक्रोफोनशी. ऐन भाषणात तो मुका झाला, की मांडववाल्याचा पोरगा येऊन त्याला एक थापटी देतो आणि सभा पुढे चालते. आज ज्या यंत्राची हकिकत सांगणार आहे, त्याला थापटी मारण्याची छाती कोणाची होणार नाही. ते यंत्र म्हणजे बर्लिनच्या नॉयमान कारखान्याने १९४९ साली बाजारात आणलेला ‘यू ४७’ मायक्रोफोन.

कंडेन्सर मायक्रोफोनची मूळ युक्ती अमेरिकेत वेंट नावाच्या संशोधकाने १९१६ साली काढली. एक ताणलेला पातळ पडदा, त्याच्यामागे केसाइतक्या अंतरावर धातूची तबकडी, आणि दोहोंमध्ये विजेचा भार. आवाजाने पडदा हलला की अंतर बदलते, आणि अंतराबरोबर वीज. मात्र ही वीज इतकी क्षीण, की लांब तारेतून जाताना वाटेतच जिरायची. म्हणून पडद्याच्या अगदी पायाशी रेडिओतला असतो तसा व्हॉल्व्ह बसवून तिला बळ द्यावे लागते. गेओर्ग नॉयमान यांनी १९२८ साली बर्लिनमध्ये कारखाना काढला आणि असे मायक्रोफोन विक्रीसाठी नियमित बनवू लागले. त्यांच्या पहिल्या मायक्रोफोनला त्याच्या आकारावरून लोक ‘बाटली’च म्हणत.

१९४३ साली बर्लिनवर बाँब पडले, त्यांत कारखाना जळाला. यंत्रे आणि माणसे थुरिंगिया प्रांतातल्या गेफेल या लहानशा गावी हलवली गेली. युद्ध संपले, देश वाटला गेला आणि गेफेल रशियनांच्या वाट्याला आले. नॉयमान यांनी पश्चिम बर्लिनमध्ये पुन्हा मांड मांडली. गेफेलचे कामगार होते तिथेच राहिले.

‘यू ४७’ वीतभर उंचीचा. एक कळ फिरवली की समोरचे तेवढे ऐकतो, दुसरीकडे फिरवली की चोहोबाजूंचे. त्याच्या पोटातल्या ‘एम ७’ या भागाचा पडदा पीव्हीसीचा, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाइतका पातळ. त्यावर सोन्याचा थर आणि मागच्या तबकडीला बारीक भोके. ही भोके पाडणे, पडदा ताणून चिकटवणे, ही सारी हातांची कामे. त्यांत बोट चुकले तर आवाज चुकला. फ्रँक सिनात्रा आणि पुढे बीटल्स या मायक्रोफोनसमोर गायले, ते आपण जाणताच. परंतु परदेशी विक्री टेलिफुंकेन कंपनीकडे होती, म्हणून कित्येक नगांवर पाटी तिचीच. गवई मंडळी त्याला ‘टेली’ म्हणू लागली. विकणाऱ्याचे नाव झाले आणि घडवणारा मागे राहिला, हे आम्हां युनियनवाल्यांना काही नवे नाही!

टेलिफुंकेनचा हात मात्र आणखी एका जागी होता. आतला ‘व्हीएफ १४’ हा पोलादी कवचाचा व्हॉल्व्ह तिचाच. आलेल्या व्हॉल्व्हांतून कमी खरखर करणारे तेवढे तपासून निवडायचे. रेडिओच्या धंद्यात त्याला गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस कंपनीने तो बनवणेच बंद केले. जगातल्या उत्तम स्टुडिओंचा जीव ज्या वस्तूत अडकला होता, तिचा निकाल हिशेबाच्या वहीत लागला. नॉयमान यांना १९६० साली दुसऱ्या व्हॉल्व्हचा ‘यू ६७’ काढावा लागला. शिल्लक साठ्यावर ‘यू ४७’ १९६५पर्यंत चालला.

आज जुन्या ‘यू ४७’चा व्हॉल्व्ह गेला की मालक हवालदिल होतो. पडदाही अमर नाही. पीव्हीसी वर्षांगणिक कडक होते आणि त्यावरचे सोने तडकते. बर्लिनच्या कारखान्याने पुढे पडद्याचे द्रव्यच बदलले. सीमेपलीकडल्या गेफेलमध्ये मात्र जुना ‘एम ७’ बनतच राहिला. १९७२ साली तो कारखाना सरकारजमा झाला, १९९० साली दोन जर्मनी एक झाल्या, पण तेव्हाही हे काम थांबले नाही. बाँबच्या भीतीने जिथे कामगारांना नेऊन ठेवले होते, त्याच गावात पीव्हीसीचा पडदा पुढेही ताणला जात राहिला.