एका जनुकाची तीन नावे

फळमाशीच्या एका जनुकाचे नाव आहे 'आयलेस', म्हणजे नेत्रहीन. ते बिघडले की माशीचे डोळे खुरटतात किंवा येतच नाहीत, म्हणून हे नाव. डोळा घडविणाऱ्यालाच नेत्रहीन म्हणावयाचे, अशी ही नामकरणाची तऱ्हा! उंदरातील अशाच बिघाडाला 'स्मॉल आय' म्हणत. माणसात मूल बुबुळातील रंगीत पडद्यावाचून जन्मते. त्या विकाराचे नाव 'ॲनिरिडिया'. वह्या तीन, वाचणारेही निराळे. तिन्हींच्या मुळाशी एकाच कुळातले जनुक आहे, हे १९९४ साली बाझेलच्या वाल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेने दाखविले. पण अशा हजारो गाठी एकेक करून कोणी सोडवाव्यात?

१९९८ साली माशी, उंदीर आणि यीस्ट यांच्या जनुकांच्या नोंदी ठेवणारी मंडळी एकत्र आली आणि 'जीन ऑन्टॉलॉजी' हा सामाईक कोश सुरू झाला. जनुकाला नाव काहीही असो, त्याचे कार्य एकाच शब्दाने, एकाच क्रमांकाने सांगावयाचे. 'डोळ्याची घडण' हिचा क्रमांक ०००१६५४. शिवाय शब्दाशब्दांतील नातीही लिहिलेली. त्यामुळे भिंगाखाली नोंदलेले जनुक डोळ्याखाली शोधणाऱ्यालाही सापडते.

पुढे यंत्राला अर्थ उमगावा या हेतूने 'सिमँटिक वेब'ची कल्पना रुजली. तिची 'आउल' ही भाषा २००४ साली प्रमाण ठरली. कोश तिच्यातही उतरला, आणि त्यातील विसंगती यंत्रच दाखवू लागले. प्रयोगावर आधारलेली नोंद मात्र अजूनही बहुधा माणूसच निबंध वाचून करतो. तेथे चूक झाली, तर इतर प्राण्यांतील सगोत्र जनुकांपुढेही ती उतरत जाते.