टोचन लावलेल्या मोटारीचे रक्षण

राष्ट्रीय महामार्ग ६५ वर हुमनाबादजवळ बंद पडलेली मोटार टोचन लावून नेताना मोठा धोका पुढील वाहनाच्या चाकांचा. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार दोन वाहनांतील अंतर ५ मीटरपेक्षा अधिक नसावे. त्यामुळे उडालेली खडी थेट काच, दिवे व बॉनेटवर आदळते. विदेशांत मोटरहोममागे मोटार ओढताना मध्ये संरक्षक पडदा बांधतात. येथे पुढील वाहनाच्या रुंद, धड चिखलपट्ट्या अधिक उपयोगी. सैल ताडपत्री बांधणे मात्र अहिताचेच, कारण तिच्याखालील धूळ घासून रंग खरवडते. स्वयंचलित गिअरची मोटार इंजिन बंद असताना चारही चाकांवर ओढल्यास वंगणाअभावी गिअरबॉक्स जळू शकतो. ती मालवाहू ट्रकवर चढवूनच न्यावी.