दुखतं डोकं, सुई हाताला

घाटकोपरच्या चिरागनगरात आमचं घर. अम्मीला अर्धशिशीचा जुना त्रास. शेजारणीच्या सांगण्यावरून ती अ‍ॅक्युपंक्चर घेऊ लागली. पहिल्याच दिवशी घरी येऊन तिनं विचारलं, "अरे, दुखतं माझं डोकं, मग सुई हाताला का?" मी पडलो बी.ए. झालेला कवी. उत्तरासाठी पुस्तकं धुंडाळावी लागली.

ही सुई आपल्याकडे आली ती एका ओळखीच्या वाटेनं. १९३८ मध्ये जपानशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसनं पाच डॉक्टर धाडले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते. कोटणीस १९४२ मध्ये तिथंच वारले. त्यांचे सहकारी, कलकत्त्याचे डॉ. बसू १९५८ मध्ये पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि मायदेशी घेऊन आले.

अम्मीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मेंदूत दडलेलं आहे. अंगठा आणि तर्जनी यांमधल्या जागेला चिनी वैद्य 'हेगू' म्हणतात. १९७७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी तिथं सुई टोचली, तेव्हा दाताची वेदना कमी झाली. मग अफूचा अंमल उतरवणारं नॅलॉक्सोन हे औषध दिलं, तर वेदना परतली. म्हणजे सुईमुळे मेंदू स्वतःचीच अफूसारखी द्रव्यं सोडत असावा. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत तसं आढळलं नाही. २००० मध्ये बोस्टनच्या कॅथलीन हुई यांनी त्याच जागी सुई टोचून १३ निरोगी माणसांच्या मेंदूची चित्रं घेतली. ज्या ११ जणांना जडपणा, मुंग्या जाणवल्या, त्यांच्या मेंदूतले भीती आणि भावना सांभाळणारे भाग शांत झाले. ज्या दोघांना सुई नुसतीच दुखली, त्यांच्यात उलट घडलं.

नाण्याला दुसरी बाजूही आहे. २००७ मध्ये जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवरची पाहणी प्रसिद्ध झाली. शास्त्रोक्त सुयांनी ४७.६ टक्के रुग्णांना आराम पडला, भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुयांनी ४४.२ टक्के आणि नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के रुग्णांना. म्हणजे सुईच्या नेमक्या जागेपेक्षा स्पर्श आणि भरवसा यांचाच वाटा मोठा असावा.

इकडे डोकं थांबलं म्हणून अम्मीनं रक्तदाबाच्या गोळ्याही परस्पर बंद केल्या. महिन्याभरात मोरीजवळ चक्कर येऊन पडली. थोडक्यात वाचली. दुखणं निवणं वेगळं आणि रोग हटणं वेगळं, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

आता सुई चालू आहे, आणि गोळ्याही. रोज रात्री मी त्या मोजून तिच्या हातावर ठेवतो, अंगठा आणि तर्जनीच्या अगदी जवळ.