दैनिक शास्त्रपाठ व प्रार्थना (ख्रिस्ती) : बुलढाणा जिल्हा

बायबलमधील एखादा भाग रोज वाचून, त्यावर मनन करून, त्यातूनच सुचलेल्या शब्दांत केलेली ख्रिस्ती प्रार्थना. मराठी ख्रिस्ती कुटुंबांत तिला ‘घरची उपासना’ किंवा ‘कौटुंबिक प्रार्थना’ म्हणतात. वाचलेल्या मजकुराला ‘शास्त्रभाग’ वा ‘वचन’ हे शब्द रूढ आहेत. बुलढाणा जिल्ह्याच्या सुमारे २५.८६ लाख लोकसंख्येत (२०११) ख्रिस्ती समाजाचे प्रमाण अत्यल्प आहे. अशा विखुरलेल्या समाजाच्या श्रद्धेला रोजचा आधार देणारी हीच प्रथा आहे.

मूळ : या प्रथेची मुळे यहुदी परंपरेत आहेत. देवाच्या आज्ञा घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना व उठताना मुलांना सांगाव्यात, असा आदेश अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. येशू पहाटे उठून एकांतात प्रार्थना करीत असे, ही नोंद मार्कच्या पहिल्या अध्यायात येते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टच्या नियमावलीने मठवासीयांचा दिवस स्तोत्रपठण, शास्त्रवाचन व श्रम यांत बांधून दिला. बाराव्या शतकात दुसरा गिगो या मठाधिपतीने वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशा चार पायऱ्या सांगितल्या. प्रॉटेस्टंट पंथांत ही साधना मठाबाहेर येऊन घराघरांत पोचली. जर्मनीतील हेर्नहूट येथील मोरावियन मंडळीने १७३१ पासून वर्षातल्या प्रत्येक दिवसासाठी वचन नेमून देणारी पुस्तिका छापली. ती आजही दरवर्षी निघते.

बुलढाण्यातील पार्श्वभूमी : वऱ्हाडात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून प्रॉटेस्टंट मिशनकार्य वाढले. त्यात अमेरिकेतील ए. बी. सिम्प्सन यांनी १८८७ मध्ये उभारलेल्या चळवळीतून पुढे आलेल्या ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’चा वाटा मोठा होता. अकोला हे या संस्थेचे प्रमुख केंद्र. खामगाव, मलकापूर व बुलढाणा येथेही तिचे काम चाले. कॅथलिक समाजासाठी हा जिल्हा १९५५ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात मोडतो. त्यामुळे जिल्ह्यात दैनिक प्रार्थनेच्या दोन परंपरा शेजारी शेजारी नांदतात.

पद्धत : प्रॉटेस्टंट घरांत ही उपासना सहसा पहाटे किंवा रात्रीच्या जेवणाआधी होते. एक गीत, शास्त्रभागाचे वाचन, त्यावर दोन शब्द, मग प्रार्थना आणि शेवटी सर्वांनी मिळून म्हटलेली प्रभूची प्रार्थना, असा तिचा साधारण क्रम असतो. वाचनासाठी कोणी एक पुस्तक सलग घेतात, तर कोणी दैनिक मननाची पुस्तिका वापरतात. शब्बाथ शाळेत (रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात) पाठ केलेले ‘सुवर्णवचन’ मुलांकडून म्हणवून घेतात. प्रार्थनेत आधी स्तुती व उपकारस्मरण, मग पापकबुली, त्यानंतर आजारी माणसे, परीक्षेला बसलेली मुले, शेजारीपाजारी आणि पाऊसपाणी यांसाठी मागणे असते.

कॅथलिकांच्या लॅटिन परंपरेत रोजचे वाचन जगभर बहुतेक एकच असते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ मध्ये नवी वाचनमाला ठरली. तिच्यानुसार रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात फिरतात आणि त्या वर्षांत अनुक्रमे मत्तय, मार्क व लूक यांच्या शुभवर्तमानांना प्राधान्य मिळते. इतर दिवसांचे पहिले वाचन सर्वसाधारण काळात सम व विषम वर्षांप्रमाणे बदलते. शुभवर्तमानाचा भाग मात्र दरवर्षी तोच राहतो. मिस्साला (चर्चमधील प्रभुभोजनाच्या उपासनेला) जाता आले नाही तरी घरी त्याच दिवसाची वाचने वाचून प्रार्थना करता येते.

एक उदाहरण : मत्तयच्या तेराव्या अध्यायातील पेरणाऱ्याचा दाखला या वाचनमालेत दर तीन वर्षांनी १० ते १६ जुलैच्या दरम्यानच्या रविवारी येतो. बुलढाण्यात त्या सुमारास सोयाबीन व कपाशीची पेरणी आटोपत आलेली असते आणि सगळ्यांचे डोळे आभाळाकडे लागलेले असतात. दाखल्यातले बी वाटेवर, खडकाळ जागी, काटेरी झुडपांत आणि चांगल्या जमिनीत पडते. वाचणारा प्रत्येक जमिनीपाशी थांबतो. वाटेवरचे बी पाखरांनी टिपले, म्हणजे ऐकलेले वचन मनात रुजलेच नाही. येथे पापकबुली येते. खडकावरचा कोंब उन्हाने करपला. येथे संकटात टिकण्याचे बळ मागितले जाते. काट्यांनी रोप गुदमरले. कर्जाची व संसाराची काळजी येथे देवापुढे मांडली जाते. चांगल्या जमिनीत शंभरपट, साठपट, तीसपट पीक आले. येथे उपकारस्मरण होते. अशा रीतीने दाखल्याचा क्रम हाच प्रार्थनेचा क्रम ठरतो. दुबार पेरणीचे संकट सोसलेल्या घराला त्यासाठी वेगळे स्पष्टीकरण लागत नाही.

भाषा व गीते : आपल्या भाषेतले शास्त्र हाती असल्याशिवाय अशी प्रार्थना घरात रुजत नाही. सेरामपूरला विल्यम केरी यांनी मराठी पंडितांच्या साहाय्याने मत्तयचे शुभवर्तमान १८०५ मध्ये, तर नवा करार १८११ मध्ये छापला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. कमी शिकलेल्या बायाबापड्यांना ते स्वतः वाचता यावे, हा त्यांचा ध्यास होता. मृत्यूपूर्वी (१९२२) त्यांनी हे काम पुरे केले; केडगावच्या मुक्ती मिशनमधील स्त्रियांनी त्याच्या छपाईत भाग घेतला. अलीकडच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने आजच्या मराठीत वाचनाची सोय केली. गीतांच्या बाबतीत रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे ऋण मोठे आहे. अभंग व भजनाच्या चाली त्यांनी ख्रिस्ती उपासनेत रुजवल्या. त्यांची पदे ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात असून प्रार्थनेच्या आरंभी गायली जातात.

महत्त्व : या प्रथेमुळे घरातल्या स्त्रियांना व मुलांना शास्त्र मोठ्याने वाचण्याचा आणि स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करण्याचा हक्क मिळाला, वाचनाची सवयही लागली. पाळक किंवा फादर यांची गावाला रोज भेट होणे शक्य नसते. अशा ठिकाणी ख्रिस्ती श्रद्धा एका पिढीकडून दुसरीकडे पोचवण्याचे काम घरच्या या उपासनेने केले आहे. नोकरी, स्थलांतर व मोबाईल यांमुळे सगळ्यांनी एकत्र बसण्याची वेळ आज हातून निसटते आहे. शास्त्रभाग मोबाईलवर वाचता येतो. पण मोठ्याने वाचणारी आणि मिळून ऐकणारी माणसे घरात असणे ही या प्रार्थनेची पहिली अट आहे. ती पाळली जाईल तेथेच ही परंपरा टिकेल.